पिशवी काढून बावीस वर्षं झाली, आता आईची पॅप टेस्ट करायची का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ६७ वर्षांची, २२ वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी एका खाजगी दवाखान्यात गर्भपिशवी काढली, का काढली ते नीट कुणालाच आठवत नाही, "अंगावरून फार जायचं" एवढंच आईला सांगता येतं. आता मुलीने आईसाठी हेल्थ चेकअपचं पॅकेज घेतलंय आणि त्यात पॅप स्मिअर आहे. आई नको म्हणतेय, मावशी म्हणतेय पिशवीच नाही तर कॅन्सर होणार कुठून, आणि लॅबवाला म्हणतोय पैसे भरलेत तर करून घ्या. मी २८ वर्षं स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करतेय, त्यातली बरीचशी जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि हा प्रश्न माझ्यासमोर आठवड्यातून एकदा तरी येतोच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी हे बघायचं की "पिशवी काढली" म्हणजे नक्की काय काढलं. गर्भपिशवीला वरचं अंग असतं आणि खाली पिशवीचं तोंड असतं, म्हणजे सर्व्हिक्स, जे योनीमार्गात उतरलेलं असतं. पॅप टेस्ट, म्हणजेच पॅप स्मिअर, ही या तोंडाची टेस्ट आहे, तिथल्या पेशी खरवडून घेऊन मायक्रोस्कोपखाली बघतात. बहुतेक ऑपरेशनमध्ये पिशवी तोंडासकट काढतात, त्याला टोटल हिस्टरेक्टॉमी म्हणतात. इथे एक मोठा गोंधळ होतो, बायकांना वाटतं टोटल म्हणजे ओव्हरीजसुद्धा काढल्या, तसं नाहीये, टोटलचा संबंध फक्त तोंडाशी, ओव्हरी काढल्या की ठेवल्या हे वेगळं लिहिलेलं असतं. आणि काही वेळा पिशवी वरच्या वर कापून तोंड तसंच ठेवतात, ती सबटोटल. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबेना म्हणून जीव वाचवायला घाईत पिशवी काढावी लागली, किंवा दोन-तीन सिझेरियन झालेली आणि लघवीची पिशवी पुढे घट्ट चिकटलेली, अशा वेळी सर्जन तोंड काढायच्या फंदात पडत नाही आणि ते बरोबरच असतं. दुर्बिणीतून केलेल्या काही ऑपरेशनमध्येही तोंड ठेवलेलं असतं. अशा बाईला घरी सगळे "पिशवी काढलीये" असंच सांगतात, तीही तसंच सांगते, पण तोंड जागेवर आहे म्हणजे तोंडाचा कॅन्सर व्हायचा धोका पण जागेवर आहे. तिची तपासणी पिशवी असलेल्या बाईसारखीच चालू ठेवायची, यात दुमत नाही.

आता तोंडासकट सगळं काढलंय, आणि फायब्रॉइडच्या गाठी, जास्त रक्तस्राव, अंग बाहेर येणं अशा साध्या कारणासाठी काढलंय, आधी कधी तोंडाच्या पेशींमध्ये प्री-कॅन्सर, म्हणजे कॅन्सर होण्याआधीचा बिघाड, सापडलेला नव्हता, तर पॅप टेस्टची गरज नाही. वय ५० असो की ७०. हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये, अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सने २०१८ च्या शिफारशीत अशा बायकांची ही तपासणी करू नका असं स्पष्ट लिहिलंय. कारण समजून घ्या. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, हा बारीक जखमांतून योनीमार्गात पण शिरतो आणि तोंडावर पण, पण तोंडावर एक खास पट्टा असतो जिथे दोन प्रकारच्या पेशींची सीमा असते आणि आयुष्यभर तिथे एका प्रकारच्या पेशी दुसऱ्या प्रकारात बदलत असतात. कॅन्सर बहुतेक वेळा त्याच पट्ट्यात सुरू होतो. योनीमार्गाला तसा पट्टा नाही. म्हणून तोच व्हायरस असूनही योनीमार्गाचा मूळ कॅन्सर फार क्वचित होतो, बायकांच्या जननेंद्रियांच्या सगळ्या कॅन्सरमध्ये त्याचा वाटा साधारण १ ते २ टक्के. १९९६ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता, साध्या कारणासाठी पिशवी काढलेल्या ५,८६२ बायकांच्या ९,६१० स्मिअर त्यांनी तपासल्या, जेमतेम १ टक्का बिघडलेल्या आल्या आणि त्या बिघडलेल्यांमधून योनीमार्गाचा कॅन्सर एकही निघाला नाही. तरी सवय जात नाही, २००४ च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं की तिथे तोंडच नसलेल्या जवळपास १ कोटी बायकांच्या पॅप टेस्ट विनाकारण होत होत्या. आपल्याकडे आता तेच पॅकेजमधून सुरू झालंय.

कुणी म्हणेल करून टाकली तर काय बिघडतं, पैसे तर भरलेत. बिघडतं. पाळी जाऊन १५-२० वर्षं झालेल्या बाईचा योनीमार्ग इस्ट्रोजेन नसल्यामुळे कोरडा आणि पातळ झालेला असतो, तिथल्या पेशी मायक्रोस्कोपखाली तशाही विचित्र दिसतात. रिपोर्टवर येतं "अट्रॉफिक", "इन्फ्लमेटरी", किंवा "ॲस्कस", म्हणजे नक्की सांगता येत नाही अशा पेशी. घरात हा कागद आला की रात्रभर कुणी झोपत नाही. मग कोल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून मोठं करून बघणं, मग तुकडा तपासायला, आणि शेवटी काहीच नाही. इन्फ्लमेटरी म्हणजे सूज, कॅन्सर नाही, हे मी रोज सांगते. अट्रॉफिक म्हणजे तर आजार पण नाही, ते वयानुसार आहे. आणि तोंड काढलेल्या बाईच्या रिपोर्टवर "एंडोसर्व्हायकल पेशी आढळल्या नाहीत, टेस्ट पुन्हा करा" असं छापून आलेलं मी पाहिलंय. तोंडच नाही तर त्या पेशी येणार कुठून, फॉर्मवर "हिस्टरेक्टॉमी झाली आहे" एवढे तीन शब्द कुणी लिहिले नव्हते म्हणून त्या माउलीला दुसऱ्यांदा टेबलवर झोपवलं. मला याचा खरंच त्रास होतो.

आता दुसरी बाजू, आणि ही जास्त महत्त्वाची, कारण इथे टेस्ट बंद करणं ही चूक ठरते. ज्या बाईला पिशवी काढायच्या आधी किंवा काढलेल्या पिशवीच्या तपासणीत तोंडावर प्री-कॅन्सर सापडलाय, म्हणजे कागदावर सीआयएन २, सीआयएन ३, एचएसआयएल किंवा एआयएस असं काही लिहिलंय, तिचं तोंड काढलं तरी धोका पूर्ण संपत नाही. व्हायरस शरीराच्या त्या भागात राहिलेला असतो, आणि जिथे टाके घालून योनीमार्गाचं वरचं टोक बंद केलंय, ज्याला आम्ही व्हॉल्ट म्हणतो, तिथे १०-१५ वर्षांनी पण पेशी बिघडू शकतात. २०१९ च्या अमेरिकन कोल्पोस्कोपी सोसायटीच्या मार्गदर्शनानुसार अशा बाईची पहिली तीन वर्षं दरवर्षी एचपीव्हीवर आधारित, म्हणजे तो व्हायरस शोधणारी, टेस्ट करायची, तिन्ही चांगल्या आल्या की मग दर तीन वर्षांनी, आणि हे २५ वर्षं चालू ठेवायचं, मधे पिशवी काढली असली तरी. म्हणजे ५५ व्या वर्षी सीआयएन ३ साठी पिशवी काढली तर ८० पर्यंत. ६५ झाले, आता बास, हे तिला लागू नाही. तोंडाच्या कॅन्सरसाठीच ऑपरेशन किंवा रेडिएशन झालेलं असेल तर ती स्क्रीनिंगमध्ये मोडतच नाही, तिचा फॉलोअप कॅन्सरच्या डॉक्टरांकडे. एचआयव्ही असलेल्या, किंवा किडनी बदललेली आणि प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्या चालू असलेल्या बायकांचं गणित पण वेगळं असतं, त्यांनी आपल्या डॉक्टरांना मुद्दाम विचारावं, पॅकेजवाल्यांना नाही.

म्हणजे सगळं दोन कागदांवर येऊन थांबतं. एक ऑपरेशन नोट किंवा डिस्चार्ज कार्ड, तोंड काढलं का ते त्यात कळतं. दुसरा हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट, काढलेल्या पिशवीत काय निघालं ते त्यात कळतं. परदेशातल्या गाइडलाइन हे दोन्ही कागद हातात आहेत असं धरून लिहिलेल्या असतात. आपल्याकडे खरी अडचण तिथेच आहे.

बीडचं उदाहरण सगळ्यांना माहीत असेल. ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढल्याचा विषय २०१९ साली गाजला, नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहातली एक. त्यातल्या कितीतरी चाळिशीच्या आतल्या. पाळीत कोयता चालवायला त्रास, एक दिवस खाडा पडला की मुकादमाकडे पैसे कापले जाणार, आणि डॉक्टरने सांगितलं की अंगावरून पांढरं जातंय, पुढे कॅन्सर होईल, काढून टाका. या बायका आता हळूहळू पन्नाशी-साठीत येतील. त्यांच्याकडे कुठला कागद असणार आहे? वर्षातले सहा महिने फडावर, पालात राहणारं कुटुंब, तिथे डिस्चार्ज कार्ड टिकतं कुठे. आणि ज्यांना "कॅन्सर होईल" सांगून पिशवी काढली त्यांच्या तोंडाची आधी पॅप टेस्ट केली होती का, काढलेली पिशवी तपासायला पाठवली होती का, हा प्रश्न मी अशा प्रत्येक बाईला विचारते, आणि उत्तर बहुतेक वेळा "बादलीत घालून नवऱ्याला दाखवली होती" एवढंच येतं. खरं तर काढलेला प्रत्येक अवयव तपासायला पाठवलाच पाहिजे. लॅबचे पैसे वाचवायला तो टाकून दिला तर पुढच्या २५ वर्षांची माहिती त्या दिवशी कचऱ्यात जाते.

आणि हॉस्पिटलवर विसंबून चालत नाही. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार ॲडमिट पेशंटचे कागद ३ वर्षं जपायची जबाबदारी डॉक्टरवर असते. २२ वर्षांनी ते सापडतील ही आशा कमीच. कुणाचं ऑपरेशन गेल्या दोन-तीन वर्षांत झालं असेल तर आजच अर्ज देऊन कॉपी मागा, त्याच नियमांत मागितल्यावर ७२ तासांत द्यायचं लिहिलंय.

एक आजी सांगते, म्हणजे मी कागद-कागद का करतेय ते कळेल. साठी नुकतीच ओलांडलेल्या, आठ महिने अंगावरून पाण्यासारखं, वास येणारं जात होतं, कधी गुलाबी डाग. दोन ठिकाणी दाखवलं, दोन्हीकडे "पिशवी काढलीये ना, मग इन्फेक्शन असेल" म्हणून गोळ्या मिळाल्या, आतून कुणी बघितलं नाही. मी स्पेक्युलम, म्हणजे योनीमार्ग उघडून आत बघायचं साधन, घातलं तर वरच्या टोकाला, टाक्यांच्या जागी, कोबीच्या फुलासारखी वाढ, हात लागला की रक्त. मुलाला म्हटलं जुने कागद शोधा. तो दुसऱ्या दिवशी ट्रंकेतून प्लास्टिकची पिशवी घेऊन आला, आत १४ वर्षांपूर्वीचा हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट, घडी पण न मोडलेला, आणि त्यात शेवटच्या ओळीत सीआयएन ३. चौदा वर्षं तो कागद घरात होता. कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं की दरवर्षी दाखवायचं आहे, टाके काढले आणि "आता सगळं ओके" म्हणून घरी पाठवलं. त्यांना रेडिएशन मिळालं, त्या सावरल्या, चार वर्षं माझ्याकडे फॉलोअपला येत होत्या. पण सुरुवातीच्या तीन टेस्ट झाल्या असत्या तर ते बहुधा प्री-कॅन्सरमध्येच सापडलं असतं आणि लेझर किंवा छोट्या ऑपरेशनवर भागलं असतं.

म्हणून एक वाक्य लक्षात ठेवा, ६० च्या पुढच्या बाईला, पिशवी असो वा नसो, अंगावरून लाल, गुलाबी किंवा पाण्यासारखं जात असेल तर ती स्क्रीनिंगची गोष्टच राहत नाही. स्क्रीनिंग म्हणजे काही त्रास नसताना चाळणी लावणं. त्रास आहे तर आतून बघायचं, हाताने तपासायचं, आणि काही दिसलं तर तुकडा घ्यायचा. तिथे "पॅप नॉर्मल आली" हे पुरेसं उत्तर नाही. डाग बहुतेक वेळा कोरडेपणामुळेच असतो हे पण खरं, पण ते बघून ठरवायचं, न बघता नाही. अंग बाहेर येतं म्हणून रिंग बसवलेली असेल आणि ती वर्षानुवर्षं कुणी काढून धुतली नसेल तर तिच्यामुळे पण जखम होते, अशा आज्या खूप आहेत, कित्येकींना आत रिंग आहे हे पण आठवत नाही. आणि बाहेरच्या भागाला सतत खाज, पांढरा चट्टा, बरी न होणारी चीर असेल तर "शुगर आहे म्हणून फंगल" असं गृहीत धरून वर्षभर मलम लावत बसू नका, तिथे व्हल्व्हाचा, म्हणजे त्या बाहेरच्या भागाचा, कॅन्सर सुरू होऊ शकतो आणि तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो, कुणी बघितलं तर.

मिशरीबद्दल पण सांगते, कारण विषय निघाला की सगळ्या हसून टाळतात. धूर ओढला तर तंबाखूमुळे पिशवीच्या तोंडाच्या आणि योनीमार्गाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. मिशरीने गालाच्या आतला कॅन्सर होतो हे पक्कं आहे. आईला तपासणीला नेताच आहात तर डॉक्टरांना तोंड उघडून पण बघायला सांगा, ब्रेस्टची तपासणी पण त्याच खेपेत, वेगळी चक्कर नको.

ज्यांची पिशवी जागेवर आहे किंवा तोंड ठेवलंय त्यांच्याबद्दल थोडं, कारण घरात आई, मावशी, काकू सगळ्याच साठीच्या असतात. "६५ नंतर पॅप नको" हे वाक्य व्हॉट्सॲपवर फिरतं. ते अर्धं वाक्य आहे. पूर्ण वाक्य असं, की आधीच्या १० वर्षांत लागोपाठ ३ पॅप किंवा २ एचपीव्ही टेस्ट चांगल्या आल्या असतील आणि शेवटची ५ वर्षांच्या आतली असेल, तर ६५ नंतर नको. आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांमध्ये आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झालेल्या २ टक्के पण नव्हत्या. मग आपल्या आयांना ते वाक्य कसं लागू होईल? जिची कधीच टेस्ट झाली नाही तिची ६८ व्या वर्षी पण एकदा करणं योग्य, आणि जमलं तर एचपीव्हीची. सरकारी शिबिरात व्हिनेगर, म्हणजे ॲसिटिक ॲसिड, लावून बघतात ती व्हीआयए टेस्ट स्वस्त आणि चांगली आहे, मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा हॉस्पिटलने ती वापरून मृत्यू कमी करून दाखवलेत, पण पाळी गेल्यावर तो बदलाचा पट्टा तोंडाच्या आत सरकतो आणि बाहेरून दिसत नाही, त्यामुळे म्हाताऱ्या बाईत तिचा भरवसा कमी. एचपीव्ही टेस्टची ताकद तर आपल्याच मातीत सिद्ध झालीये, उस्मानाबाद, आताचं धाराशिव, तिथल्या गावांमध्ये १९९९ पासून १,३१,७४६ बायकांवर अभ्यास झाला, बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलची माणसं गावोगाव फिरली, आणि आयुष्यात फक्त एकदा एचपीव्ही टेस्ट झालेल्या गटात पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले, तर नेहमीच्या परिस्थितीत सोडलेल्या गटात ६४. देशात आजही दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कॅन्सर होतो.

आता मूळ प्रश्नातल्या आईकडे येते. पॅकेजमधली पॅप आत्ता करू नका. आधी घरात शोधा, कपाट, ट्रंक, देवघराखालचा कप्पा, जुन्या एलआयसीच्या फायली, तिथेच असतात हे कागद. सोनोग्राफीचा नंतरचा एखादा रिपोर्ट सापडला तरी त्यात कधीकधी तोंड शिल्लक आहे का ते लिहिलेलं असतं. आईला विचारा की ऑपरेशननंतर कुणी रेडिएशनला किंवा मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं होतं का, ऑपरेशनच्या आधी तुकडा काढून तपासला होता का, लाइट मारला किंवा शेक दिला होता का. कॅन्सर हा शब्द आया उच्चारत नाहीत, त्यामुळे असंच आडून विचारावं लागतं, आणि शक्यतो मुलाने नाही, मुलीने किंवा सुनेने, दुपारी दोघीच असताना.

कागद मिळाला आणि त्यात फायब्रॉइड किंवा असंच साधं काही निघालं, तोंड काढलेलं आहे, तर विषय संपला, टेस्ट नको. सीआयएन २ किंवा ३ लिहिलेलं असेल तर ऑपरेशनपासून २५ वर्षं अजून व्हायचीत, तिची टेस्ट व्हायला हवी. आणि काहीच मिळालं नाही, जे आपल्याकडे सगळ्यात जास्त होतं, तर मी काय करते ते सांगते. एकदा टेबलवर घेऊन नीट आतून बघते, तोंड आहे की नाही ते त्याच क्षणी कळतं, योनीमार्गाच्या भिंती चारही बाजूंनी बघते आणि बोटाने चाचपते, आणि इतिहास अजिबात कळत नसेल तर त्याच वेळी व्हॉल्टवरून एक एचपीव्ही टेस्ट घेते. ती निगेटिव्ह आली आणि बाकी काही दिसलं नाही तर मी पुढे बोलवत नाही. गाइडलाइन एवढं पण मागत नाहीत, हा माझा या भागातला अनुभवातून आलेला निर्णय आहे, दुसरे डॉक्टर टेस्ट न करता नुसतं बघून सोडतील आणि ते पण चूक नाही.

आई नको म्हणतेय त्याचं कारण बहुतेक भीती आणि दुखणं असणार, ते ऐकून घ्या. लेडी डॉक्टर मागा. लहान साइजचं स्पेक्युलम मिळतं, ते वापरायला सांगा, सांगायला लाजू नका. योनीमार्ग फार कोरडा असेल तर दोन-तीन आठवडे इस्ट्रोजेनचं क्रीम लावून मग तपासणी केली की दुखत पण नाही आणि रिपोर्ट पण स्वच्छ येतो, फक्त ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय क्रीम नको. गुडघे किंवा खुबा दुखत असेल तर पाय वर बांधायची गरज नाही, डाव्या कुशीवर झोपवून पण नीट बघता येतं. जायच्या आधी लघवी करून घ्या, आदल्या दिवशी आतून काही धुऊ नका, आणि टेस्ट झालीच तर फॉर्मवर "गर्भपिशवी काढलेली आहे", कोणत्या साली, आणि तोंड आहे की नाही, हे स्वतःसमोर लिहून घ्या. रिपोर्ट आला की मोबाईलवर फोटो काढून घरातल्या दोघातिघांना पाठवून ठेवा.